'मी नाही बसत, भाऊ'

गेल्या मंगळवारी भर दुपारी आमच्या बुलढाण्याच्या गॅरेजवर मधूनं मला सगळ्यांसमोर नाही म्हटलं... आणि माझं डोकंच फिरलं.

आधी आमची एक पद्धत सांगतो. इथून मोताळ्याकडे निघालं की लगेच घाट लागतो. ब्रेकचं काम ज्या मिस्त्रीनं केलं, तो गिऱ्हाइकाच्या शेजारी बसून घाट उतरतो आणि मिळेल त्या गाडीनं परत वर येतो.

गॅरेज नवीन होतं तेव्हा कुणी भरवसा ठेवत नव्हतं, म्हणून मी स्वतःच बसायला लागलो. "हा माणूस सोताच गाडीत बसते" ही गोष्ट गावोगाव गेली आणि धंदा उभा राहिला... आज हाताखाली पाच मिस्त्री आहेत, तरी गिऱ्हाईक आधी हेच विचारतं, "कोण बसून राह्यलं?"

तर मंगळवारी भास्करराव जीप घेऊन आले. लेक बाळंतीण, तिला दवाखान्यातून सुट्टी मिळाली होती, घाटाखालच्या गावी न्यायचं होतं. चौकातच ब्रेक पार खाली बसला म्हणून तशीच हळूहळू गाडी आमच्याकडे आणली. लेकीला आणि बाळाला मी माझ्या केबिनमध्ये कूलरसमोर बसवलं.

काम मधूकडे दिलं. मधू म्हणजे माझा सगळ्यात जुना मिस्त्री, त्याच्या हातची गाडी मी कधी तपासून बघत नाही. त्यानं मागच्या दोन्ही चाकांचे सिलिंडर बदलले, ब्रेक ऑइल भरलं, पाइपात अडकलेली हवा काढली. मी पॅडल दाबलं, छान कडक लागलं.

लेक बाळाला घेऊन मागे बसली. भास्कररावांनी गाडी सुरू केली. मी मधूला म्हटलं, चाल, बस. तो हात पुसत आला, दाराला हात लावला... आणि तसाच थांबला.

"मी नाही बसत, भाऊ."

मला वाटलं चेष्टा करतोय. पण चेहरा पांढराफटक पडला होता. "काऊन नाही बसत बे?" तर तो दार सोडून मागे सरकला. माझा पारा कसा आहे हे इथल्या बऱ्याच मित्रांना माहीत आहे... तोंडाला येईल ते बोललो. बाकीची गिऱ्हाइकं चहाचे कप हातात धरून बघत होती.

भास्कररावांनी सगळं ऐकलं. "मिस्त्रीच बसाले तयार नाही, अन् मी माह्या लेकीले नेऊ काय? लय नाव आयकलं होतं तुमचं. मी दुसरीकडे दाखवतो गाडी." असं म्हणून त्यांनी गिअर टाकला.

मी खिडकीतून हात घातला आणि चावी फिरवून काढूनच घेतली. त्यांनी माझं मनगट धरलं. "गाडी माही हाय, चावी द्या!" बाळ दचकून रडायला लागलं. इतक्या वर्षांत गिऱ्हाइकाशी अशी झटापट कधी झाली नव्हती... पण मधू उगाच नाही म्हणणार नाही, एवढं त्या रागातही कळत होतं.

त्याला बाजूला घेतलं. तेव्हा तो हळूच बोलला, "मले उजव्या चाकाचं कायीच आठवून नाही राह्यलं. ऑइलच्या पाइपाचा नट पान्यानं आवळला का हातानंच लावून सोडला... काही ध्यानात नाही. अन् मी बसलो तं हे लोकं माह्या भरोशानं बसतीन."

हातानं लावलेला नट गॅरेजमध्ये धरतो. घाटात पुन्हा पुन्हा दाब पडला की ऑइल झिरपायला लागतं, आणि मग पाय नुसता खाली जातो.

जॅक लावला, चाक मी स्वतः खोललं. भास्करराव माझ्या डोक्यावर उभे होते. ड्रम काढला... ब्रेकचे शू, स्प्रिंग, सगळं जिथल्या तिथं. नटाला पाना लावून जोर दिला, तो जागचा हलला नाही. मधूनं पक्का आवळलेला होता!

माझा जीव भांड्यात पडला, आणि लगेच परत राग आला. एवढं चोख काम करून विसरलास कसा, असं विचारलं... तर त्याच्या डोळ्यात पाणी.

"तेच चाक लावताना गावाकडच्या घरून फोन आला. माय ओट्यावरून पडली. मोताळ्याच्या दवाखान्यात नेलं तिले."

"मंग सांगितलं काऊन नाही?"

"बाळंतीण बसली होती ना भाऊ. म्हटलं हे काम उरकून टाकू."

मोताळा घाटाखालीच. ही जीप त्याच रस्त्यानं चालली होती. नुसता गुपचूप शेजारी बसला असता तर थेट आईजवळ पोचला असता... आणि तो त्याच गाडीला नाही म्हणाला. त्याला सगळ्यांसमोर काय काय बोललो ते आठवून मला मान वर करवेना.

भास्कररावांनी गळ्यातल्या रुमालानं पुढची सीट पुसली. "बसा मिस्त्री. दवाखान्याच्या दारात सोडतो तुमाले."

मधूनं माझ्याकडे बघितलं. मी दार उघडून धरलं. तो बसला.

जीप वळणाआड गेली तरी मी रस्त्यावरच उभा होतो. संध्याकाळी त्याचा फोन आला. आईच्या हाताला प्लास्टर घातलंय, बाकी बरी आहे. मग म्हणतो कसा, "भाऊ, ब्रेक मस्त लागून राह्यले." मी माफी मागायला गेलो तर त्यानं फोनच ठेवला.

मधू, तू हे वाचशील की नाही माहीत नाही, म्हणून सगळ्यांसमोरच सांगतो... बोललो सगळ्यांसमोर, तर माफीही सगळ्यांसमोरच. आई बरी होईपर्यंत इकडे फिरकू नकोस. आणि आजपासून आपल्या गॅरेजवर कुणी 'मी नाही बसत' म्हणालं, तर आधी चाक खोलायचं... आणि मग त्याला विचारायचं, घरी सगळं ठीक आहे ना.