मंडळाच्या मेलची चाळणी

रायपूरच्या भनपुरीतल्या एका माल वाहतूक कंपनीत मी सर्व्हर सांभाळते. दिवसभर ट्रक, बिल्टी आणि हिंदी. घरी आई मराठी बोलते, पण माझी मुलं तिला छत्तीसगढीत 'हव आजी', म्हणजे 'हो आजी', म्हणून पुढचं सगळं हिंदीतच सांगतात. त्यामुळे ब्राह्मणपारा मोहल्ल्यातल्या मराठी मंडळात कुणी 'या, बसा' म्हटलं तरी मला बरं वाटायचं. अशाच एका कार्यक्रमानंतर मंडळाच्या सचिवांनी मला थांबवलं. बँकेतून निवृत्त झालेले, इस्त्रीच्या कपड्यांतले, हळू बोलणारे गृहस्थ. सगळे त्यांना काका म्हणत, मीही म्हणायला लागले.

"बेटा, तू कॉम्प्युटरचं काम करतेस ना? आपल्या वधू-वर विभागाची मेल पार तुंबली आहे. एकदा बघशील?"

रविवारी त्यांच्या घरी जाऊन बघितलं. मंडळाचा स्वतःचा पत्ता होता, कुठल्याशा स्वस्त भाड्याच्या सर्व्हरवर. पेटीत स्थळं थोडी आणि घाण फार. शुभ सकाळचे गुलाब, देवांचे फोटो, कुणाच्या नातवाचं गाणं, ताकदीच्या गोळ्यांच्या जाहिराती. ब्राउझरमध्ये उघडायला गेलं की पान हलायचंच नाही. मी माझ्या सवयीनं टर्मिनल उघडलं. काळा पडदा, पांढरी अक्षरं, चित्र नाही की बटण नाही. तिथे मेल वाचायचा एक लहानसा प्रोग्राम चालतो. एकेक पत्र एकेका ओळीत दिसतं: कुणाचं, कधीचं, कशाबद्दल. एक अक्षर दाबलं की उघडतं, दुसरं दाबलं की पुसतं.

पण रोज कोण पुसत बसणार? मेल आत शिरायच्या आधीच तिला गाठणारे नियम लिहिता येतात. ते मी एका साध्या फाइलीत लिहिले. विषयात 'मुलगी' असेल तर या फोल्डरात, 'मुलगा' असेल तर त्या फोल्डरात, आणि गुलाब असतील तर कुठेच नाही. 'कुठेच नाही' ही या सिस्टिममध्ये खरोखरची जागा आहे. तिथे टाकलेलं साठत नाही, परत मिळत नाही. कचऱ्याची कुंडी उघडून बघावी म्हटलं तर कुंडीच नसते.

काका माझ्या खुर्चीमागे उभे राहून बघत होते.

"म्हणजे हे गुलाब गेले कुठे?"

"कुठेच नाही."

"आणि पाठवणाऱ्याला?"

"त्याला वाटतं पोचलं."

"त्याला कळतच नाही?" काकांनी पुन्हा विचारलं, आणि चष्मा काढून पुसत बसले.

पुढे महिनोन् महिने मी दर रविवारी जात राहिले. स्थळं तपासायची, कुणाची पत्रिका राहिली, कुणाचा फोटो उलटा आलाय, ते कळवायचं. काकू पोहे आणून द्यायच्या. मला ते काम आवडत होतं, हे खरंच आहे.

मग एका रविवारी काकांनी खोलीचं दार लोटून घेतलं आणि माझ्या शेजारी खुर्ची ओढली.

"तुझी ती चाळणी आहे ना, तिच्यात काही आडनावं घालता येतील का?"

"येतील. कशाला?"

"घाल तर आधी. मी सांगतो."

ते सांगत गेले, मी टाइप करत गेले. कागद नव्हता त्यांच्या हातात. पाढे म्हणावेत तशी आडनावं येत होती. पहिल्या दोनांत माझ्या काही लक्षात आलं नाही. तिसरं आलं ते माझ्या आईच्या माहेरचं.

माझा हात थांबला. मी पोह्यांची बशी बाजूला सारली.

आम्ही विदर्भातले बौद्ध. आजोबा रेल्वेत लागले आणि रायपूरला आले. माझं सासरचं आडनाव सगळ्या जातींत सापडणारं आहे, त्यावरून काही कळत नाही. काकांनी कधी विचारलं नव्हतं, म्हणून मीही सांगितलं नव्हतं.

"ही आडनावं का, काका?"

"अगं, पालकांच्या तक्रारी येतात. आपल्या मनात तसं काही नाही. मंडळात सगळेच आहेत, जयंतीला आपण हारही घालतो. पण लग्नाच्या बाबतीत लोकांना ही स्थळं पाठवली की ते म्हणतात, सचिवांना कळत नाही का. आता तोंडावर नाही म्हणायचं म्हणजे त्यांनाही वाईट वाटणार. त्यापेक्षा तुझं ते 'कुठेच नाही' बरं आहे. कुणाला कळत नाही, कुणी दुखावत नाही."

किती मऊ बोलत होते! ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. तो मऊपणा अंगावरून गोगलगाय गेल्यासारखा वाटत होता. मी म्हणाले, "हे शेवटचं आडनाव माझ्या आईचं आहे."

 काकांची नजर माझ्या चेहऱ्यावरून फिरली, काही राहून गेलं होतं का ते शोधत असल्यासारखी.

"तू? तू वाटत नाहीस," ते म्हणाले. मग हसले. "अगं, हे तुझ्याबद्दल थोडंच आहे. तू तर घरचीच आहेस. असं कर, तेवढं एक आडनाव काढून टाक."

तेवढं एक. 

"काका, मी सगळी ठेवते. पण प्रत्येकाला उत्तर जाईल असा नियम लिहिते. 'आपलं स्थळ आमचं मंडळ घेत नाही.' खाली सचिव म्हणून तुमचं नाव. चालेल?"

"लेखी?" काका दचकले. "असं लेखी कसं देता येईल?"

मी त्या तिन्ही ओळी पुसल्या, लॅपटॉप मिटला आणि उठले. दारात काकू म्हणाल्या, "अगं, चहा?" मी नको म्हटलं आणि जिना उतरले.

घरी आई वांगी चिरत होती. मी सांगितलं ते तिनं हात न थांबवता ऐकलं. मला वाटलं चिडेल, रडेल. ती म्हणाली, "तुले आत्ता समजलं?"

"म्हणजे?"

"तुह्या लग्नाच्या टायमाले म्या तिथंच देलं होतं तुहं नाव. तवा सचिव दुसरे होते. कागद घेतला, चहा पाजला. म्या दर महिन्याले जाऊन पुसू, ते म्हणत, अजून काही आलं नाही, ताई. लय दिवस वाट पायली म्या."

"तू बोलली नाहीस कधी."

"काय बोलू? नाही म्हटलं असतं तं म्या घरी बसली असती. चहा पाजून पाजून फसवलं त्याईनं."

नंतर माझं लग्न गोंदियाच्या मावशीनं जुळवलं. मंडळातून काही आलं नाही म्हणून, हे मला त्या दिवशी कळलं.

मंडळाच्या मेलचा पासवर्ड अजून माझ्याकडे होता. जेवणाआधी मी स्वयंपाकघरातच लॅपटॉप उघडला आणि त्या आडनावांची आलेली स्थळं शोधली. एका ओळीच्या कमांडनं सगळ्यांना एकदम उत्तर पाठवता आलं असतं. मी तसं केलं नाही. एकेकाला वेगळं लिहिलं: तुमची माहिती पोचली आहे, पण मंडळ ती पुढे पाठवणार नाही, इथे वाट पाहू नका. कारणही लिहिलं. खाली माझं नाव आणि फोन नंबर घातला. मग पासवर्ड काकांना मेसेजवर पाठवला आणि कळवलं की यापुढे मी येणार नाही.

एकाच घरून फोन आला. रेल्वेतून निवृत्त झालेले एक वडील होते.

"मॅडम, मेल भेटली. तुमी कोन?"

मी कोण ते सांगितलं, आईचं माहेरही सांगितलं. 

"मंग तुमी तिथं काहून जाऊन राहिल्या होत्या?"

मी म्हटलं, मराठी बोलायला मिळतं म्हणून. ते हसले नाहीत. "पोट्टीचं नाव काढून टाका तिथून," एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला. मी म्हणू शकले नाही, की तिथलं काहीही काढायचा अधिकार आता माझ्याकडे नाही.

मंडळानं नंतर व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप केला. त्यात कुणाला घ्यायचं ते काकाच ठरवतात, तिथे नियम लिहावा लागत नाही. माझ्याबद्दल ते लोकांना सांगतात, नोकरीमुळे तिला वेळ मिळत नाही.

मध्यंतरी पंडरीच्या कापडबाजारात चादरी घ्यायला गेले होते, तर काका समोरून आले. "अरे बेटा! किती दिवसांनी!" तोच आवाज, तीच इस्त्री. आईची तब्येत विचारली, मुलांची शाळा विचारली. मी सगळ्याची उत्तरं दिली. निघताना मी त्यांना वाकून नमस्कार केला. ठरवून नाही, हात आपोआप गेले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला, "सुखी राहा" म्हणाले आणि गर्दीत शिरले. मी दुकानाच्या पायरीवर उभी राहिले, आणि काकांपेक्षाही मला माझ्या त्या वाकलेल्या पाठीची किळस आली.