चवथीच्या चंद्रावरची ठिणगी

प्रेमलता लग्न होऊन मालवणला आली ती बी.एस्सी.चं प्रमाणपत्र आणि वडिलांची तीन इंची दुर्बीण घेऊन. प्रमाणपत्र ट्रंकेत गेलं. नवरा मुंबईला नोकरीवर गेला. दुर्बीण तेवढी माळ्यावरच्या खिडकीत राहिली, कारण सासूबाईंनी, रुक्मिणीबाईंनी, सवलत दिली होती: देवापाशी दिवा लागल्यावर अर्धा तास.

त्या अर्ध्या तासात ती कोवळ्या चंद्राच्या काळोख्या भागाकडे बघत बसे. आकाशातला दगड तिथं आदळला तर क्षणभर ठिणगी चमकते. पण एकट्यानं पाहिलेली ठिणगी कुणी मानत नाही, डोळ्यांचा भासही असतो. दुसऱ्या गावच्या कुणाला त्याच मिनिटाला दिसली तरच ती खरी. मुंबईचं एक हौशी मंडळ अशा नोंदी ताडून बघे. सहा वर्षं मंडळाला धाडलेल्या तिच्या पोस्टकार्डावर दोनच शब्द जात होते, ‘काही नाही’.

१९५९च्या गणेशचतुर्थीला आभाळ उघडलं.

“आज वर बघू नको गो,” रुक्मिणीबाई म्हणाल्या. “चवथीचो चंद्र बघलो तर आळ येता. घरात पोर आसा.”

खाली आरती सुरू झाली तशी ती माळ्यावर चढली. सात बावीसला काळोखात ठिणगी चमकली, आणि विझली.

ती कार्ड लिहायला बसली, तेवढ्यात खाली तिची तीन वर्षांची बाबली रडली. हात थांबला. आळावर तिचा विश्वास नव्हता. पण उद्या पोरीला नुसता ताप आला, तरी बोट तिच्याकडेच वळलं असतं आणि माळ्यावरचा अर्धा तास हातचा गेला असता. उघडं कार्ड पोस्टमन धोंडूपासून सगळे वाचत. तिनं वेळ खरी लिहिली आणि तारीख आदल्या दिवसाची घातली.

पंधरा दिवसांनी मंडळाचं पत्रक आलं: नाशिकला चतुर्थीच्या संध्याकाळी सात बावीसला ठिणगी दिसली, दुसरी साक्ष नाही.

तिच्या खोट्या तारखेनं ती साक्ष हुकली होती. तिसऱ्या दिवशी तिनं बंद पाकिटातून खरं काय ते कळवलं. उत्तर मात्र उघड्या कार्डावर आलं, आणि धोंडूनं सवयीनं ते ओटीवर मोठ्यानं वाचलं. “पत्रक पाहून बदलून चतुर्थीची केलेली तारीख धरता येत नाही. आपल्याकडून ही अपेक्षा नव्हती.”

रुक्मिणीबाईंनी हातातलं सूप खाली ठेवलं. “म्हणजे चवथीक बघलंस.”

“हो.”

“आणि इलो मा आळ?”

“आळ कसला, आई? तारीख मीच खोटी घातली.”

“कोणाक भियालंस?”

रुक्मिणीबाईंनी सूप पुन्हा उचललं, दोनदा पाखडलं.

“उद्यापासून मी पण वर येतलंय.”

त्या खरंच येऊ लागल्या. बाबलीला मांडीवर घेऊन जिन्याच्या तोंडाशी बसत. सोबतीला बसतात की राखणीला, हे प्रेमलतानं पुढच्या नऊ वर्षांत कधी विचारलं नाही. दुर्बिणीपाशी तिची पाठ मात्र त्यानंतर कधी सैल झाली नाही, आणि कार्डावर पुन्हा तेच दोन शब्द जात राहिले.