सगळ्या बाह्या डाव्या

शर्टांच्या कारखान्यात तिला सगळे कटरबाई म्हणत. टेबलावर कापडाचे थर अंथरले, वर कागदी नमुना ठेवून खडू फिरवला की तिचा हात चुकायचा नाही. त्या दिवशी मात्र एका बाजूच्या बाह्या कापून झाल्यावर नमुना उलटा करायचाच राहिला. ढीगभर शर्ट, आणि सगळ्या बाह्या डाव्या.

मास्तरांनी दोन बाह्या शेजारी धरून पाहिल्या. "कटरबाई, गिऱ्हाइकानं दुसरा हात घरी ठेवून यायचा का?"

मशीनवरच्या बाया फिदीफिदी हसल्या. एरवी तिनं मास्तरांना उलटा टोमणा हाणला असता. आता ती नुसती बोटाला टेप गुंडाळत राहिली, सोडत राहिली. बसवेना, उभं राहवेना. पोटात बाळ वळत होतं आणि तिला वाटत होतं, हे पोट दुसऱ्या कुणाचं तरी आहे, आपल्याकडे नुसतं सांभाळायला दिलंय.

मास्तर जवळ आले. "घरी जा. डॉक्टरला दाखव. तुझा हात असा चुकत नाही."

उदासीचा आजार तिला लग्नाआधीपासूनचा. गोळ्यांनी ती माणसात आली होती. दिवस गेल्याचं कळलं तशा सासूबाई म्हणाल्या, "आता असलं काही पोटात जायला नको. बाळाला बाधेल." तिलाही तेच वाटत होतं. गोळ्या बटणांच्या डब्यात गेल्या. थोडे दिवस बरे गेले, मग झोप उडाली, घास गिळवेना. हल्ली जिन्याच्या कठड्याशी ती उगाच रेंगाळायची, खाली बघायची आणि स्वतःलाच भिऊन घरात पळायची. तपासणीला विचारलं की मात्र एकच उत्तर, "बरं आहे."

त्याही दिवशी दवाखान्यात ते जिभेवर आलंच होतं. शेजारी सासूबाई बसलेल्या. पण त्या बाह्या काही डोळ्यांपुढून हलेनात.

"बरं नाही," ती म्हणाली. "गोळ्या बंद केल्यात. मला जिन्यात उभं राहायची भीती वाटते."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "कुणी बंद करायला सांगितल्या?"

"मी," सासूबाई म्हणाल्या आणि पिशवीचा बंद आवळू लागल्या.

"हा आजारही बाळापर्यंत पोचतो, आजी. गरोदरपणात चालतील अशा गोळ्या असतात. कुठली, किती, ते मनाच्या डॉक्टरांना विचारून आजच ठरवू. दर आठवड्याला त्यांच्याशी बोलायला यायचं. आणि तोवर हिला एकटं सोडू नका."

"बाळाला काही होणार नाही ना?" तिनं विचारलं.

"शंभर टक्के कुणीच सांगणार नाही. गोळी न घेताही सांगता येत नाही. दोन्हीकडचं तोलून बघायचं. मला तुम्ही दोघं हवे आहात."

गोळी लगेच लागू पडली नाही. तळमळ होतीच. सासूबाईंनी पाकीट पाण्याच्या भांड्याशेजारी ठेवलं, आणि जिन्यापर्यंतसुद्धा तिच्या मागे येऊ लागल्या.

"गोळी घेतलीस?"

"घेतली."

"पाण्याबरोबर?"

"नाही, बटणांबरोबर."

बोलून गेल्यावर तिच्या लक्षात आलं, आपल्याला राग आलाय. चांगला सणसणीत. किती दिवसांत धड रागसुद्धा आला नव्हता.

सासूबाई हसल्या नाहीत. चपला घालून तिच्याबरोबर जिना उतरल्या, कठड्याच्या बाजूनं.