टेबलाखाली सापडलेली पुरवणी

परब सर गेल्याचा निरोप आला तेव्हा मी विभागात प्रात्यक्षिकांच्या वह्या तपासत होते. दुःख नंतर झालं. आधी मनात आलं, आता सांगायचं कोणाला? अकरा वर्षं मी एक गोष्ट त्यांच्यापासून लपवली होती.

मुलुंडच्या आमच्या कॉलेजात ते सेंद्रिय रसायन शिकवायचे. पहिल्याच तासाला प्रत्येकाला फळ्यावर बेंझीनचं षटकोनी कडं काढायला लावायचे आणि म्हणायचे, "हे ज्याचं त्याचं वेगळं येतं, बघा." मी त्यांची विद्यार्थिनी, नंतर त्याच विभागात हंगामी शिक्षिका. तोवर ते विद्यापीठाचे परीक्षा नियंत्रक झाले होते. माणूस मुळातच काळजीखोर, त्यात हे पद! निकालाच्या दिवसांत त्यांना जेवण जायचं नाही. "माझ्या एका सहीने पोराचं वर्ष जाऊ शकतं गं," म्हणायचे. पुढचे कुलसचिव तेच, असं सगळे धरून चालले होते.

त्या वर्षी तपासणी केंद्रावरून घाटकोपरला घरी आले, पिशवी उपसली, तर आदर्श उत्तरांच्या कागदांत एक पुरवणी निघाली. दोरा सुटलेली, वर क्रमांक नाही. उत्तरपत्रिकेचं पानही केंद्राबाहेर नेणं म्हणजे नोकरीवर पाणी, आणि मला कायम करण्याची फाइल तेव्हा वर पडून होती. गुण पाठवून झाले होते, निकाल दुसऱ्या दिवशी. सकाळी सरांसमोर उभी राहिले आणि म्हटलं, "सर, टेबलाखाली सापडली."

त्यांनी पुरवणी हातात घेतली, उलटून पाहिली आणि म्हणाले, "बस. गठ्ठे मागवतो." निकाल थांबवला. वरून फोनवर फोन येत होते आणि आम्ही दोघं दोन दिवस एकेक उत्तरपत्रिका चाळत होतो. अक्षरावरून काही जमेना. शेवटी सरांनी एका पानावर बोट ठेवलं. "हे बघ, कडं खालून सुरू करतो आणि शेवटचा कोपरा उघडा सोडतो. पुरवणीतही तसंच." त्या विद्यार्थ्याला आम्ही नापास केलं होतं. पुरवणीचे गुण धरल्यावर तो पास झाला.

उशिराची चौकशी झाली. तपासनीसाचं नाव विचारलं गेलं, तेव्हा सरांनी "जबाबदारी माझी" एवढंच लिहून दिलं. कुलसचिव दुसरेच झाले. मी कायम झाले. दर दिवाळीला त्यांच्याकडे जायचे आणि ओठावर आलेलं गिळून परत यायचे. भित्री होते, दुसरं काय!

तेराव्यानंतर सरांच्या पत्नीकडे, वहिनींकडे गेले. निदान त्यांना तरी सांगायचं होतं. पुरवणीचा विषय काढताच त्या म्हणाल्या, "टेबलाखालची ना? अगं, केंद्र बंद करताना हे रोज स्वतः वाकून प्रत्येक टेबलाखाली बघायचे. आदल्या संध्याकाळीपण बघितलं होतं. काही नव्हतं तिथे."

"मग मला विचारलं का नाही कधी?"

"मी पण तेच म्हटलं. तर म्हणाले, परत घेऊन आली ना ती? बाकीचं सांगेल कधीतरी."

आता उत्तरपत्रिका स्क्रीनवर तपासतात, खाली पडायला कागदच नसतो. तरी परवा केंद्रातून निघताना मी वाकले, टेबलाखाली पाहिलं, आणि त्या रिकाम्या खोलीत मोठ्याने म्हटलं, "सर, ती माझ्या घरी होती."