काकूंच्या संकष्टीच्या चिप्स

लंडन बघायला आलो होतो, पण एरवी मांसाहाराविरुद्ध पत्रकं वाटत फिरणाऱ्या मला इथेही स्वस्थ बसवत नव्हतं. टॉवर ऑफ लंडनजवळच्या बाकावर साडीवर जाड कोट घातलेल्या एक काकू चिप्सचा पहिला तुकडा फुंकत होत्या. माझं फोनवरचं मराठी ऐकून हसल्या.

“आज संकष्टी. बटाटा चालतो. मुलाशिवाय पहिल्यांदाच फिरतेय, स्वतः मागून घेतल्या.”

समोरच्या चिप्सच्या दुकानातली बारीक पाटी मी वाचली होती.

“काकू, टाका ते! गाईच्या चरबीत तळलंय!”

त्यांनी तुकडा सावकाश पुड्यात ठेवला, बोटं रुमालाला पुसली.

“माझ्यावर काय ओरडतोस? त्यांना सांग, पाटी मोठी लावा.”

पत्रकं मी आजवर खाणाऱ्यांनाच वाटली होती, विकणाऱ्याला एकही नाही. दुकानाच्या काउंटरपाशी जाऊन घुटमळलो. मागून काकूंनीच विक्रेत्याला हाक मारली, “एक्स्क्यूज मी!”