करड्याचं काळं-पांढरं

स्कॅनवाल्या ताई माणसांना चेहऱ्यापेक्षा कवटीवरून लवकर ओळखतात, असं त्यांचा दीर गावभर सांगत फिरायचा. घरात त्यांना तो ‘फोटोवाली वहिनी’ म्हणायचा. त्या दुपारी त्यालाच स्ट्रेचरवरून आत आणलं, तेव्हा थट्टा करायला तो शुद्धीत नव्हता. पत्रे बसवताना छपरावरून पडला होता.

ताईंनी त्याचं डोकं यंत्रात सरळ ठेवलं, पट्टा बांधला आणि काचेमागे जाऊन बसल्या. पडद्यावर चित्र उमटलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. उजव्या कानाच्या वर, कवटीला आतून चिकटून रक्त साचलं होतं.

ड्यूटीवरच्या डॉक्टरीणबाईंनीही ते लगेच ओळखलं. कवटीला भोक पाडून रक्त काढायला हवं होतं. हे काम त्यांनी मोठ्या डॉक्टरांच्या हाताखाली केलं होतं, एकटीनं कधीच नाही. मोठे डॉक्टर डोंगरापलीकडे गेले होते आणि सकाळीच दरड कोसळून रस्ता बंद झाला होता. पेशंटला हलवायचं तरी तीच वाट. पलीकडे इंटरनेट नव्हतं. एका दुकानदाराच्या जुन्या, बटणांच्या फोनला तेवढी रेंज होती, पण त्या फोनला फक्त काळं-पांढरं, काड्यापेटीएवढं चित्र कळायचं.

“तसं करून पाठवा,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “मी तयारीला लागते.”

बोलायला सोपं होतं. स्कॅनच्या चित्रात करड्याच्या असंख्य छटा असतात. इथे प्रत्येक ठिपका एक तर काळा, नाहीतर पांढरा, मधलं काही नाही. कुठल्या छटेपासून पांढरं म्हणायचं ते ताईंनी ठरवायचं होतं. पहिल्या खेपेला मेंदू काळा झाला, कवटी पांढरी झाली, आणि रक्तही कवटीबरोबर पांढरंच. बघणाऱ्याला वाटावं, हाडच जरा जाड आहे. सीमा वर नेली तर रक्त मेंदूच्या काळ्यात बुडून गेलं. आगीतून उठून फुफाट्यात.

सासूबाईंनी दार किलकिलं केलं. आपला पोरगा शुद्धीवर आला का, एवढंच त्यांना हवं होतं. थोडं थांबा, असं ताई मान न वळवताच म्हणाल्या.

मग त्यांनी माऊस धरून रक्ताच्या कडेनं एक रेघ ओढली. चित्र असं बोलकं झालं की शेंबडं पोरही सांगेल. पण पाठवताना मनात पाल चुकचुकली. ही रेघ यंत्राची नव्हती, भावजयीची होती. ती चुकली तर भोकही चुकणार. शेवटी त्यांनी तिन्ही चित्रं पाठवली आणि लगेच फोन लावला.

“तिसऱ्यातली रेघ माझ्या हातची आहे, डॉक्टर. पेशंट माझा दीर आहे, तेव्हा तिच्यावर विसंबू नका. पहिली दोन आलटून पालटून बघा. एकात पांढरं आणि दुसऱ्यात काळं झालंय, ते रक्त.”

बघतो म्हणून त्यांनी फोन ठेवला. शेजारच्या खोलीत दिराचं डोकं भादरून झालं होतं. त्याच्या एका डोळ्याची बाहुली मोठी होऊ लागल्याचं नर्स सांगून गेली, म्हणजे मेंदूवरचा दाब वाढत होता, तरी फोन वाजेना.

वाजला तेव्हा मोठे डॉक्टर शांतपणे म्हणाले, “तुमची रेघ मागे जरा जास्तच गेलीय. रक्त तिच्या अलीकडेच संपतं. फोन डॉक्टरीणबाईंच्या कानाशी धरा.”

ताईंनी शेजारच्या खोलीत जाऊन तो धरला. हात भरून आला तरी बदलला नाही. हाडातून ड्रिल पार झालं, काळपट गुठळ्या बाहेर आल्या. बऱ्याच वेळानं डॉक्टरीणबाईंनी त्याची पापणी उघडून बघितली आणि बाहुली लहान झाल्याचं सांगितलं. तेव्हा कुठे ताईंनी फोनचा हात खाली घेतला.

रस्ता सुरू झाल्यावर मोठे डॉक्टर आले. मूळ स्कॅन ते बराच वेळ बघत राहिले. मग मेंदूच्या मागच्या भागातल्या एका फिक्या डागावर त्यांनी बोट ठेवलं; तिथे मेंदूलाच मार बसला होता. तिन्ही चित्रांत तो कुठेच नव्हता. तेव्हा दिसला असता तरी आपण हेच केलं असतं, असं ते म्हणाले. ताईंनी मान डोलावली, पण ते गेल्यावर पुन्हा तो डाग उघडून बसल्या.

दीर वाचला. डावा हात मात्र अजून मंद आहे. सदऱ्याची गुंडी लावायला त्याला वेळ लागतो, आणि सासूबाई मदतीला उठल्या की ताई त्यांना डोळ्यांनीच बसवतात.