‘कातळ’चा सर्वांत भारी शो

बुरोंडीत होड्यांना बर्फ पुरवणारा मुनाफ मुकादम एरवी शांत माणूस. पण दापोलीच्या ‘कातळ’ या रॉक बँडचा विषय निघाला की त्याच्या अंगात यायचं.

“अंजनवेलसारखा शो पुन्हा होणे नाही,” तो म्हणायचा. “खाडीवरचा वारा आणि त्यात ती गिटार! अंगावर काटा आला होता.”

“वाऱ्यानेच आला असेल,” जेटीवर चहाची टपरी चालवणारी दर्शना म्हणायची. तिचा जीव पोफळीच्या वीज प्रकल्पाच्या कॉलनीतल्या शोवर. तिथे ऐन रंगात ॲम्प्लिफायर जळला, तेव्हा गायक माइकशिवाय खुल्या गळ्याने गायला आणि अख्खी कॉलनी त्याच्यासोबत गायली.

“जिथे वीज तयार होते, तिथेच यांचा आवाज बंद पडला. त्याला शो म्हणतेस?”

रोज हेच चालायचं. एके सकाळी बँडचा ड्रमवाला सुरमई न्यायला जेटीवर आला. मुनाफने त्याला हाताला धरून बाकावर बसवलं.

“तूच सांग बाबा. तुमचा सर्वांत भारी शो कुठला?”

ड्रमवाल्याने जराही विचार केला नाही. “चिपळूणचा. वडे-सागोती होती. पोफळीला नुसती खिचडी, आणि अंजनवेलला आम्ही पोचेपर्यंत जेवण संपलेलं.”

तो सुरमई घेऊन गेला.

“त्याला काय कळणार?” मुनाफ म्हणाला. “सगळ्यांच्या मागे बसतो तो. त्याला कार्यक्रम दिसतो तरी कुठे?”

दर्शनाने पहिल्यांदाच त्याच्या बाजूने मान डोलावली. मग नवा चहा चुलीवर ठेवत म्हणाली, “पण अंजनवेलला गायक बेसूर होता हां, मुनाफभाय.”